केसावरचे फुगे आणि मुरडलेली नाकं

खान्देशात बोलीभाषेचं संमेलन असो, महाविद्यालयातला मराठी भाषा दिन असो की कुणाच्या पुस्तकाचं प्रकाशन, एक ठराव न मांडताच मंजूर झालेला असतो: यूट्यूबवरच्या गाण्यांनी अहिराणीची वाट लावली. वक्ता बहिणाबाईंपासून सुरुवात करतो, जात्यावरच्या ओवीपाशी आवाज ओला करतो आणि मग ‘ते हल्लीचं झुमके-फुगे प्रकरण’ म्हणून हात झटकतो. सभागृह टाळ्या वाजवतं. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरच्या हळदीला हीच गाणी वाजलेली असतात, पण ते राहो.

नंदुरबारात राहून हे मत उठता-बसता कानावर येतं. प्राध्यापक बोलतात, वार्ताहर लिहितात, आणि ज्यांच्या घरातली अहिराणी दोन पिढ्यांपूर्वीच उठून गेली तेही हळहळतात. मत असं सर्वमान्य झालं की ते पारखून घ्यायचं असतं याचाच विसर पडतो. म्हणून शास्त्रार्थाच्या जुन्या रीतीप्रमाणे आधी पूर्वपक्ष मांडतो आणि तो ताकदीनं मांडतो. समोरच्याचं म्हणणं मुद्दाम लेचंपेचं करून खोडण्यात कसला आला पराक्रम?

पूर्वपक्ष असा. अहिराणीला मौखिक गाण्यांची मोठी पुंजी आहे. अखाजीला झोक्यावरची गाणी, श्रावणात कानबाईची, भाद्रपदात गुलाबाईची, लग्नात हळदीची, पहाटे जात्यावरची. त्या गाण्यांत कष्ट आहेत, सासुरवास आहे, माहेरची वाट आहे, देवाशी भांडण आहे. नव्या गाण्यांत काय आहे? एक पोरगा, एक पोरगी, तिचा दागिना, त्याची मोटारसायकल. चाल उसनी, ठेका डीजेचा, शब्दांत हिंदीची भेसळ, नाच उठवळ. ही गाणी कोण लिहितं हे कुणाला ठाऊक नाही, कारण लिहिण्यासारखं त्यांत काही नाही. आणि नवी पिढी यालाच अहिराणी समजते, म्हणून भाषा मरते आहे.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात वजनदार आरोप तोच आहे.

अहिराणी आक्रसते आहे, हे खरं. जनगणनेत अहिराणी ‘खान्देशी’ या मथळ्याखाली मोजली जाते. 2001 साली खान्देशी ही आपली मातृभाषा असं सांगणारे सुमारे 20 लाख 75 हजार लोक होते. 2011 साली ते 18 लाख 60 हजारांवर आले. देशाची लोकसंख्या वाढत असताना या भाषेनं दहा वर्षांत दोन लाखांवर माणसं गमावली. आता तारखा जुळवून बघा. मोबाईलवरचा स्वस्त डेटा खेडोपाडी पोचला तो सप्टेंबर 2016 मध्ये जिओ सुरू झाल्यानंतर. सचिन कुमावत यांनी आणलेलं, अण्णा सुरवाडे यांनी गायलेलं ‘केसावर फुगे’, विनोद कुमावत यांचं ‘झुमका वाली पोर’ ही सगळी त्यानंतरची गाणी. म्हणजे आरोपी जन्माला येण्याआधीच गुन्हा घडून गेलेला होता, आणि पंचनामाही झाला होता.

मग गुन्हेगार कोण? तो शोधायला फार लांब जावं लागत नाही. वर्गात ‘शुद्ध बोल’ म्हणून डोळे वटारणारा मास्तर, पाहुण्यांपुढे पोरानं ‘मनी माय’ म्हटलं की चिमटा काढणारी आई, मुलाखतीला जाताना हेल गिळून टाकणारा तरुण, आणि दारावर आलेल्या प्रगणकाला मातृभाषा ‘मराठी’ असं सांगून मोकळा होणारा घरमालक. या सगळ्यांनी मिळून शंभरएक वर्षं हे काम चोख केलं. यातल्या एकाच्याही हातात कीबोर्ड नव्हता.

याला फ्रान्समधला एक दाखला आहे. तिथल्या ब्रिटनी प्रांतातली ब्रेटन भाषा सरकारी शाळांनी पद्धतशीर चेपली. वर्गात ब्रेटन बोललेल्या मुलाच्या गळ्यात शिक्षेची खूण अडकवत. दोन पिढ्यांत आयांनी मुलांशी ती भाषा बोलणं टाकलं. अशा वेळी आलाँ स्तिव्हेल नावाच्या गायकानं ब्रेटन वीणा विजेच्या गिटारीशेजारी ठेवली, जुन्या चालींना पॉपचा ठेका दिला आणि 1972 मध्ये पॅरिसच्या ओलिंपिया या नाट्यगृहात ही गाणी गायली. त्या मैफिलीची तबकडी तरुणांनी डोक्यावर घेतली. 1977 मध्ये ब्रेटन माध्यमाच्या ‘दिवान’ शाळा निघाल्या. एका गायकामुळे शाळा निघाल्या असं मी म्हणणार नाही. ब्रेटन अजूनही संकटातच आहे. पण जी भाषा बोलायची लाज वाटत होती ती मिरवावीशी वाटू लागली, यात त्या गाण्यांचा हात होता हे तिथले लोक मान्य करतात.

आमच्याकडे काय दिसतं? सुरतच्या उधना-लिंबायत भागात हजारो खान्देशी कुटुंबं राहतात. तिथली मुलं गुजराती, हिंदी किंवा मराठी शाळेत जातात. अहिराणीत धडा नाही, बातम्या नाहीत, सरकारी कागद नाही. त्या मुलांच्या कानावर घराबाहेर जी अहिराणी पडते ती बहुतेक या गाण्यांतूनच. ती मोडकी आहे म्हणणाऱ्यांनी एकदा गाण्यांचं व्याकरण बघावं. ‘मधे’साठी ‘मा’, ‘चा-ची-चं’साठी ‘ना-नी-नं’, ‘आहे’साठी ‘शे’, आणि वर्तमानकाळी क्रियापदाच्या शेवटी तो ठसकेबाज ‘स’. ‘बबल्या इकस केसावर फुगे’ या शीर्षकातलं ‘इकस’, म्हणजे ‘विकतो’, पुण्या-मुंबईच्या वरातींत लोक अर्थ न विचारता बेंबीच्या देठापासून ओरडतात. भाषेचा सांगाडा शाबूत आहे. वरून मोबाईल, स्टेटस, लव्ह असे शब्द आलेत, तर आमच्या आज्यांच्या अहिराणीत टेसन, कोरट आणि मास्तर आलेच होते की!

‘शुद्ध अहिराणी’ ही कल्पना मुळातच तकलादू आहे. जॉर्ज ग्रियर्सन यांनी भाषांच्या सर्वेक्षणात खान्देशीला 1907 च्या खंडात भिल्ली भाषांच्या पंगतीला बसवलं, मराठीच्या नाही. तिचा तोंडवळा गुजराती-राजस्थानीकडे झुकलेला आणि अंगावर मराठीचा साज चढत चाललेला, असं साधारण त्यांचं निदान. पुढे मराठीच्या अभिमान्यांनी त्यावर हरकती घेतल्या, तो वाद निराळा. पण मिश्रण हा या भाषेचा जन्मस्वभाव आहे याला दोन्ही बाजूंचा पुरावा मिळतो. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला, पण इथली भाषांची सरमिसळ त्याहून कितीतरी जुनी. गावात अहिराणी, पेठेत गुजराती, शहाद्या-तळोद्याच्या गुजर वस्त्यांत गुजरी, नवापूरकडे मावची आणि कोकणी, सातपुड्यात पावरी, देहवाली आणि भिल्लीची आणखी कितीतरी रूपं. 9 सप्टेंबर 1942 रोजी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सवंगडी इथे गोळ्या झेलून पडले तेव्हा त्या बालवीरांच्या ओठावरची घोषणा गुजराती होती. दरवर्षी ती त्याच भाषेत आठवली जाते आणि तिच्या गुजराती असण्यानं कुणाचं काही बिघडत नाही. मग गाण्यात दोन हिंदी शब्द आले तर भाषा कशी बुडते?

जाता जाता बहिणाबाईंविषयी. नव्या गाण्यांना झोडपायला त्यांचं नाव घेतलं जातं, म्हणून दोन गोष्टी सांगणं भाग आहे. बहिणाबाईंची बोली ही जळगाव भागातली लेवा बोली, अहिराणीची सख्खी शेजारीण. दोन्हींना एकच समजून तराजूत घालणारा वक्ता दोन्हींपैकी एकही बोली नीट ऐकत नाही. दुसरं म्हणजे ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक 1952 साली, त्यांच्या निधनानंतर आलं. अत्र्यांनी ते उचलून धरलं आणि जाणकारांपर्यंत पोचवलं. पण घराघरांत बहिणाबाई पोचल्या त्या 1961 च्या ‘मानिनी’ चित्रपटातून, वसंत पवारांच्या चालींतून. बाजारातल्या गाण्यानं बोलीची कविता घरोघर नेली. तिचं सोवळं त्यानं मोडलं, असं तेव्हा कुणी म्हटलं नाही.

अश्लीलतेच्या आरोपावर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. ज्यांना जुनी लोकगीतं सोज्वळ वाटतात त्यांनी ती छापील संग्रहांत वाचलेली असतात, आणि संग्राहकांनी निवड करताना बरंच काही वगळलेलं असतं. लग्नात विहिणीचा उद्धार करणारी गाणी ज्यांनी मांडवात बसून ऐकली त्यांना हे सांगायला नको. सातारा जिल्ह्यात सुखेड आणि बोरी या गावांच्या बाया ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. बोरीचा बार म्हणून तो प्रसिद्ध आहे आणि तिथल्या लोकांच्या लेखी ती परंपरा आहे. शिमग्याचं तर बोलूच नये. पोवाड्यांना ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 मध्ये ग्रंथात बसवलं, कारण पोवाडा म्हणजे इतिहास. लावणीला प्रतिष्ठित समीक्षेच्या ओसरीवर यायला पुढे कितीतरी वर्षं वाट बघावी लागली. तिच्यावरचे तेव्हाचे आक्षेप काढून बघा, आजच्या भाषणांशी शब्दश: जुळतील.

मात्र एक आरोप खरा आहे आणि तो नेमका कुणी करत नाही. ओवी बाई गात होती. तिच्यात बोलणारी ती, बघणारी ती, तक्रार करणारीही तीच. फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात सीता आहे, बाबासाहेब आहेत, नवरा आहे, पाऊस आहे, आणि या सगळ्यांकडे बघणारी नजर बाईची आहे. नव्या अहिराणी गाण्यांत बाई बहुतेक वेळा बघितली जाते. तिचा झुमका दिसतो, तिला काय दिसतं ते कळत नाही. युगुलगीतात तिच्या वाट्याला आवाज येतो, पण तिच्या तोंडची ओळही बहुधा एखाद्या पुरुषानंच लिहिलेली असते. हे फक्त सोज्वळपणाचं प्रकरण नाही. गाण्याची मालकी बाईच्या हातून गेली, याचं आहे. अंगभर पदर घेऊन नाचवलं तरी हा दोष तसाच राहील. आमचे संस्कृतिरक्षक पदराची लांबी मोजतात आणि लेखणी कुणाच्या हातात आहे ते विचारत नाहीत.

आता चालींच्या चोरीकडे येतो. इथे मात्र ऐसपैस बसायला हवं, कारण मराठी माणूस हा आरोप करतो तेव्हा तो आपल्याच घराच्या पायावर कुदळ मारत असतो.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ (1880) आणि ‘सौभद्र’ (1882) या नाटकांच्या जुन्या प्रती उघडा. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असा शब्द असतो आणि पुढे कुठल्या तरी आधीच्या गाण्याचं नाव. अण्णासाहेब बेळगावकडचे. त्यांच्या कानात कानडी पदं होती, कीर्तनं होती, लावण्या, साक्या, दिंड्या होत्या. त्यांनी चाली घेतल्या आणि कुठून घेतल्या तेही छापलं. 1911 च्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीच्या बंदिशींवर मराठी शब्द बसवले आणि नाट्यसंगीताचा नवा रस्ता पाडला. त्याच पदांवर आज आम्ही अभिजाततेच्या शपथा वाहतो. ओवीचं तर विचारूच नका. एका बाईच्या ओव्या शेकड्यांनी असतात आणि चाली एक-दोन. चाल ही सामायिक विहीर होती, शब्द ज्याचे त्याचे.

फ्रान्सचा सर्ज गेन्सबूर हा शब्द, चाल आणि गाणं तिन्ही स्वत: करणारा बिलंदर माणूस. त्यानं शोपँच्या पियानोवरच्या रचना उचलून त्यांवर गाणी बांधली, ड्वोर्झाकच्या सिंफनीतली धून उचलून प्रेमगीत केलं आणि त्याबद्दल त्याला कधी खाली मान घालावी लागली नाही. लोकांनी एवढंच विचारलं: उचललेल्या धुनेचं त्यानं केलं काय?

सातपुड्याच्या पायथ्याशी याहून गंभीर उदाहरण आहे. तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुला महाराज. 1938 साली त्यांनी भिल्ल समाजात आरतीचे मेळे सुरू केले. हजारो आदिवासी एकत्र येऊन आरती म्हणत, दारू सोडत, सावकाराच्या पाशातून मान सोडवायचा विचार करू लागत. त्यांच्या मागे त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी ते काम चालवलं. आरती हा प्रकार त्या समाजाचा मूळचा नव्हे, तो मैदानातल्या देवळांतून आलेला. पण एकदा या लोकांनी तो गायला घेतल्यावर त्याचा अर्थच बदलला. उसन्या चालीत केवढं बळ असू शकतं ते या जिल्ह्यानं नव्वदएक वर्षांपूर्वी बघितलं आहे.

तेव्हा अहिराणी गाण्याच्या चालीत गरब्याचा झोका, मराठी तमाशातली ढोलकीची उठावण, हिंदी सिनेमाचा एखादा वळसा सापडतो, हे निदान बरोबर आहे आणि आरोप म्हणून पोकळ आहे. विचारायचा प्रश्न तोच: उचललेल्याचं केलं काय?

त्याचं उत्तर मी लग्नाच्या मांडवात शोधतो, संमेलनात नाही. नंदुरबारकडच्या हळदीच्या रात्री बँडची गाडी उभी असते. पिकअपच्या मागे भोंग्यांची भिंत, तिच्यापुढे एका स्टँडवर कीबोर्ड, त्याला इकडे अजूनही कॅसिओ म्हणतात, कंपनी कुठलीही असो. वाजवणारा तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा. एका हातानं तो चाल वाजवतो, दुसऱ्या हातानं बटणं दाबून ठेका बदलतो, मधेच मायकात नवरदेवाच्या मामाचं नाव घेतो. बाया येऊन फर्माईश सांगतात, तीही अर्धवट, ‘ते झुमकावालं’. तो झुमकावालं सुरू करतो. दोन कडवी होईपर्यंत मांडवातल्या पावरा पाहुण्यांचा घोळका पुढे सरकतो. पोरगा ते बघतो आणि पट्टी न बदलता चालीच्या शेपटातून पावरी या वाद्याची धून काढतो. दुधी भोपळ्याच्या त्या वाद्याचा घुमारा कीबोर्डच्या सनईतून काढायचा म्हणजे बोट सुरावरून किंचित घसरवावं लागतं, आणि ते त्याला येतं. पाय लगेच बदलतात. घोळक्याचं रिंगण होतं. पाच मिनिटांनी तो गरब्यावरून वळसा घेऊन पुन्हा झुमक्यावर येतो आणि कुणाच्या पायाला ठेच लागत नाही. हे ज्याला सहज वाटतं त्यानं एकदा करून दाखवावं. या पोराला स्वरलिपी येत नसेल, पण तीन भाषांच्या नाचांत सांधा कुठे बसतो हे त्याला समजतं. याला कला म्हणायचं नसेल तर दुसरा शब्द सुचवा.

सनातनी रसिक म्हणेल, हे कौशल्य झालं, कला वेगळी. हाही वाद जुनाच. 1986 च्या डिसेंबरात फ्रेंच दूरचित्रवाणीवरच्या ‘अपोस्त्रॉफ’ या पुस्तकांच्या कार्यक्रमात याच गेन्सबूरनं गाणं ही दुय्यम कला आहे असं ठणकावून सांगितलं. ज्याला अभ्यासाची दीक्षा लागते ती थोर कला, चित्र, वास्तू, अभिजात संगीत. गाण्याला तसं काही लागत नाही, असा त्याचा मुद्दा. समोर बसलेला गी बेआर हा गायक-गीतकार भडकला. दोघांची जुंपली. गंमत अशी की त्याच देशातल्या फ्रेंच अकादमीनं 1967 मध्येच जॉर्ज ब्रासेन्स या गिटारवाल्या गीतकाराला काव्याचं मोठं पारितोषिक दिलेलं होतं. आणि खुद्द गेन्सबूरचा 1971 चा ‘मेलडी नेल्सन’ हा अवघ्या अठ्ठावीस मिनिटांचा अल्बम निघाला तेव्हा फारसा खपला नाही. पुढच्या पिढीच्या संगीतकारांनी तो उकरून काढला आणि आज तो फ्रेंच पॉपच्या शिखरांत मोजला जातो. स्वत:च्या कलेला दुय्यम म्हणणाऱ्याचा निकाल त्याच्याच गाण्यांनी फिरवला. अहिराणी गाण्यांत एखादं ‘मेलडी नेल्सन’ दडलेलं आहे असा माझा दावा नाही. पण ऐकल्याशिवाय नाही म्हणणाऱ्यांचा दावाही मी मानत नाही.

‘केसावर फुगे’ याचंच बघा. हे गाणं निरर्थक म्हणून प्रसिद्ध आहे. अर्थ शोधायला शब्दकोश नको, सकाळी नंदुरबारच्या एखाद्या जुन्या गल्लीत उभं राहावं. मोटारसायकलवर फुग्यांचा घोस बांधलेला फेरीवाला येतो. घराघरांतून बाया विंचरलेल्या केसांचं गुंतवळ काढून आणतात. ते त्यांनी महिनाभर भिंतीच्या फटीत नाहीतर खुंटीला टांगलेल्या पिशवीत जमवलेलं असतं. फेरीवाला गुंतवळ हातात घेऊन तोलतो, नाक मुरडतो, पांढरे केस फार म्हणतो. बाईला वाटी हवी असते, पोराला फुगा. फेरीवाल्याला फुगा परवडतो. घासाघीस होते आणि बहुतेक वेळा पोर जिंकतं. तो गुंता पुढे गोणीतून हात बदलत जातो. कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या केसांच्या पेठांत असे केस सोडवतात, विंचरतात, लांबीनुसार जुड्या बांधतात, आणि शेवटी ते परदेशात कुणाच्या तरी टोपात जाऊन बसतात. नोटेशिवाय चालणारी ही देवघेव खान्देशातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. मराठी कथेत-कवितेत ती मला अभावानंच दिसली. ती उचलली एका गाणेवाल्यानं, आणि गाण्याच्या ध्रुपदात ठेवली. फेरीवाल्याला त्यानं नाव दिलं, धंदा दिला. एका ओळीत माणूस, त्याची कृती आणि मोबदल्याची अट. ग्रामीण वास्तवावर परिसंवाद घेणाऱ्यांनी या ओळीची काटकसर बघण्यासारखी आहे.

चालीचंही तसंच. या गाण्यांचा पल्ला बहुधा चार-पाच सुरांचा. तान नाही, उंच उडी नाही. हा दुबळेपणा म्हणून सांगितला जातो. पण ही चाल एका गवयासाठी बांधलेली नाही, दोनशे बेसूर वऱ्हाड्यांनी एकाच वेळी म्हणावी म्हणून बांधली आहे. कानबाईची गाणी तशीच होती. जे म्हणायला कुणालाही अडत नाही ते रचायला सोपं असतं, हा समज चाल बांधायचा प्रयत्न न केलेल्यांचा.

दोष आहेत. एक गाणं चाललं की त्याच ठेक्यावर, त्याच दागिन्याच्या दुकानातली आणखी वीस गाणी निघतात. निर्मात्याला फोटोजनिक जोडी आधी लागते, कवी मागाहून. यंत्रातून सरळ केलेल्या आवाजामुळे गळ्याचा खरबरीतपणा जातो, आणि अहिराणीचा हेल त्या खरबरीतपणातच होता. पीटर मॅन्युएल यांनी 1993 च्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात दाखवून दिलं होतं की कॅसेट स्वस्त झाल्यावर मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि बोलीभाषांतल्या गाण्यांचं पीक आलं. त्यात कचराही आला, पण ज्यांना कधीच माईक मिळाला नव्हता त्यांना तो मिळाला. मोबाईलनं तेच आणखी खाली, गल्लीपर्यंत नेलं. मालेगावच्या शेख नासिर यांनी 2000 च्या सुमाराला घरच्या कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ हा सिनेमा काढला तेव्हाही लोक हसले होते. पीक आल्यावर निवडणी-पाखडणी लागते. ते काम समीक्षेचं. तिनं ते केलं नाही आणि शेताच्या बांधावरूनच सगळं पीक तण म्हणून जाहीर केलं.

शहाद्याकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता पुष्कळांना माहीत असेल. आदिवासींचं दु:ख आदिवासींनाच समजावून सांगणारे लोक व्यासपीठावर आणि ज्यांचं ते दु:ख ते खाली, असा त्या कवितेतला पेच आहे. बोलीच्या संमेलनांत हाच पेच मी वेगळ्या रूपात बघतो. एका संमेलनाच्या पत्रिकेवर परिसंवादाच्या सहा वक्त्यांची नावं पदवीसकट छापली होती आणि रात्रीच्या गाण्यांसाठी ‘मनोरंजनाचा कार्यक्रम’ एवढीच ओळ. मंडप भरला तो रात्री. दिवसभर ज्या गाण्यांना भाषेचे मारेकरी ठरवलं त्याच गाण्यांवर खुर्च्या बाजूला सारून श्रोते नाचले. गाणाऱ्याचं नाव मात्र मला मांडववाल्याला विचारून घ्यावं लागलं.

पूर्वपक्ष म्हणतो, ही गाणी कोण लिहितं ते कुणाला ठाऊक नाही. तो गाणेवाल्यांचा दोष नाही, आपला आहे. व्हिडिओखालच्या वर्णनात गीतकार, संगीतकार, गायक, कीबोर्डवाला, स्टुडिओ सगळे नोंदलेले असतात. बऱ्याचदा तीन कामं एकच माणूस करतो, शाहिरानं किंवा तमाशातल्या वगकवीनं करावीत तशी. ही नावं टिपायला संशोधन प्रकल्प लागत नाही, एक वही लागते. व्हिडिओ काढून टाकला की नावंही जातील.

जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव 2018 मध्ये मिळालं. तिथल्या मराठी विभागात आणि नंदुरबार, शहादा, नवापूर, तळोद्याच्या महाविद्यालयांत दरवर्षी लोकसाहित्यावर प्रबंध होतात, बरेचसे आधीच्या प्रबंधांवरून. तिथल्या एका विद्यार्थ्याला यंदा जात्यावर पाठवू नका, जातं आता राहिलेलं नाही. त्याला लग्नसराईत बँडच्या गाडीवर बसवा. कुठलं गाणं कुणी लिहिलं, चाल कुठून आली, कुठल्या गावात त्याचं पावरी किंवा देहवाली रूप झालं, बाईनं लिहिलेलं एक तरी गाणं सापडतं का, हे त्यानं लिहून आणावं. आणि पुढच्या संमेलनाची पत्रिका छापणाऱ्यांनी रात्रीच्या कार्यक्रमापुढे गाणाऱ्याचं आणि लिहिणाऱ्याचं नाव छापावं, वक्त्यांच्या नावाइतक्याच मोठ्या टायपात.